न झालेली जखम कशी दाखवायची? पेशंट सांभाळणाऱ्यांनी स्वतःच्या कामाचं नाटक कसं करावं

आमच्या कामात सगळ्यात मोठं यश म्हणजे काहीच न घडणं. आजोबा पडले नाहीत, नळी निघाली नाही, पाठीला जखम झाली नाही, रात्र सरली. सकाळी मुलगा विचारतो, "मावशी, रात्री काही त्रास?" आपण म्हणतो, "नाही हो, काही नाही." ह्या 'काही नाही'मध्ये काय काय होतं ते लोकांपुढे मांडावं असं कधी वाटलं असेल तर पुढचं वाचा. मी बारा वर्षं ब्युरोमार्फत, म्हणजे घरी मदतनीस पाठवणाऱ्या एजन्सीमार्फत, पुण्यात घरोघरी पेशंट सांभाळते. आम्ही सातजणी मिळून आमच्या कामावर छोटे प्रयोग करतो. एक सिस्टर आहे, दोघींनी जीडीएचा, म्हणजे रुग्ण-मदतनिसाचा, कोर्स केलाय, बाकीच्या हाताखाली शिकलेल्या. नाटकाचं शिक्षण एकीचंही नाही.

नाटकवाले ह्या प्रकाराला डॉक्युमेंटरी थिएटर म्हणतात. पडद्यावर माहितीपट, तसं हे रंगमंचावर. संवाद कुणी डोक्यातून काढायचे नाहीत; जे खरोखर बोललं गेलं, वहीत लिहिलं गेलं, कागदावर नोंदलं गेलं, त्यातूनच नाटक जुळवायचं. जर्मन नाटककार पीटर वाइस यांनी १९६५ साली फ्रँकफर्टच्या आउश्वित्झ खटल्यातल्या साक्षींवरून अख्खं नाटक बांधलं. बर्लिनचा रिमिनी प्रोटोकोल हा गट तर नट घेतच नाही म्हटलं तरी चालेल; ज्यांचं आयुष्य, तीच माणसं उभी करतो. त्यांना ते रोजच्या जगण्यातले तज्ज्ञ म्हणतात. मला हा शब्द फार आवडला. ब्युरोच्या पावतीवर माझ्या नावापुढे 'आया' असतं.

आणि आपल्यासारख्यांना जमेल का, असं वाटत असेल तर २०१२ सालची गोष्ट ऐका. गो. पु. देशपांडे यांचं 'सत्यशोधक' अतुल पेठे यांनी पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन बसवलं. ते जोतीराव फुल्यांवरचं, आधीच लिहिलेलं नाटक, म्हणजे आपल्या प्रकारातलं नव्हे. पण दिवसभर रस्ते झाडून संध्याकाळी तालमीला येता येतं, एवढं त्यातून नक्की कळलं.

पहिलं काम: माणसं आणि वेळ

पाच ते सात जण पुरेत. त्याहून जास्त असले की सगळ्यांच्या ड्युट्या जुळवण्यातच महिना जातो. तालमीची वेळ आठच्या आसपास कधीच ठेवू नका, कारण त्याच वेळेला एक सुटते आणि दुसरी चढते. आम्हाला दुपारी अकरा ते एक जमतं. नाइटवाल्या तोवर दोन तास झोपून येतात, दिवसवाल्या आपल्या सुट्टीच्या दिवशी येतात. चोवीस तासांची ड्युटी करणाऱ्या बाईला गटात घ्यायचं असेल तर तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि ते तिच्या आवाजातच प्रयोगात वाजवा. ती येऊ शकली नाही, हीसुद्धा माहितीच आहे.

जागा म्हणजे समाजमंदिर, शाळेची खोली, कुणाच्या तरी सोसायटीची गच्ची. भाडं लागलं तर वर्गणी. मात्र पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवून टाका: तालमीपायी कुणाचा खाडा झाला तर तो कुणी भरायचा? आम्ही हे ठरवलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एकीचा दिवस बुडला, ती काही बोलली नाही, फक्त यायची बंद झाली. आता डब्यात दर महिन्याला प्रत्येकी थोडे पैसे टाकतो आणि खाडा त्यातून निघतो.

दुसरं काम: आधी कागद, मग गप्पा

बहुतेक जणी थेट गप्पांपासून सुरुवात करतात आणि पहिल्याच दिवशी सगळ्या रडून मोकळ्या होतात. मन हलकं होतं, पण नाटकाला त्यातून काही मिळत नाही. म्हणून आधी कागद जमवा. ड्युटीची वही, औषधांच्या वेळांचा तक्ता, बीपी-शुगरच्या नोंदी, ब्युरोची पावती, कमिशन कापल्याचा हिशोब, "आज पाच मिनिटं उशीर झाला" असे घरच्यांचे व्हॉट्सॲप मेसेज, फ्रिजवर चिकटवलेल्या सूचना. घरच्यांच्या वह्या उचलून आणायच्या नाहीत, हे सांगायला नको. आपल्या हाताने आपल्यासाठी लिहिलेलं तेवढंच. आठवणीतून उतरवून काढलं तरी चालतं, फक्त वर तसं लिहून ठेवा.

आशाताई असाल तर कागदांची ददात नाही, उलट रजिस्टरं घरात मावत नसतील. त्यांच्यासाठी एक युक्ती सांगते. आशा योजना २००५ सालची. ताईंना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. त्या गौरवाची बातमी एकीने वाचायची आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसरीने आपल्या मोबदल्याचा त्या महिन्याचा तपशील वाचायचा, ओळीला ओळ. वर स्वतःचं एक वाक्यही घालू नका. दोन कागद शेजारी ठेवले की ते आपसूक बोलायला लागतात.

गप्पा दोघी-दोघींनी करा, फोन मध्ये ठेवून. प्रश्न हातांचे विचारा. "तुला काय वाटतं?" म्हटलं की भाषण मिळतं. "काल रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत काय काय केलंस, क्रमाने सांग" म्हटलं की सोनं मिळतं. आमच्यातली एक असं बोलली होती:

"दोनला कूस बदलली. मग बसले. बसले म्हणजे काय, अर्धवटच. त्यांचा श्वास ऐकत होते. मोजत नव्हते, पण थांबला की कळतं ना, तसं. तीनला त्या म्हणाल्या, आई आली का? मी म्हटलं, येतीये, दूध आणायला गेलीये. मग झोपल्या. मग मी फरशी पुसली. का पुसली माहीत नाही. पुसलेलीच होती."

हे लिहून काढताना जसंच्या तसं उतरवा. 'म्हणजे काय', 'तसं', मधली अडखळ, सगळं. पुस्तकी मराठी करायला गेलात तर "रात्रभर मी जागरण करून रुग्णाची सेवा केली" असं वाक्य तयार होतं आणि ती पुसलेली फरशी हरवते. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला आम्हाला चार-पाच तास लागतात, वाटून घ्या.

तिसरं काम: आपलं काय आणि त्यांचं काय

इथे घाई करू नका. आमचे हात पोळलेले आहेत म्हणून सांगते.

पहिल्या प्रयोगात आम्ही नावं बदलली, पेठ बदलली, आजींचे आजोबा केले. वाटलं, झालं. पण एकीच्या बोलण्यात दर तासाला गाणं म्हणणारं घड्याळ होतं, गंमत म्हणून ठेवलं. तिसऱ्या रांगेतल्या एक बाई मध्येच उठून गेल्या. त्या शेजारीण निघाल्या. ते घड्याळ त्या जिन्यातल्या सगळ्यांना पाठ होतं. दुसऱ्या दिवशी घरच्यांचा फोन आला आणि आमच्या मैत्रिणीची ड्युटी गेली. घरचे चिडले ते वाईट काही सांगितलं म्हणून नव्हे. वडिलांना डायपर लागतो हे जिन्यात कळलं म्हणून. त्यांचं बरोबरच होतं.

तेव्हापासून आमचा नियम असा: पेशंटची गोष्ट पेशंटची, आपल्या हातांची गोष्ट आपली. पेशंटचा आजार, त्याच्या घरातली भांडणं, पैसे, कोण भेटायला येत नाही, हे सगळं बाहेर. आपण काय केलं, काय म्हटलं, किती वाजता, किती वेळा, कुठे दुखलं, हे आत.

वरचंच बोलणं घ्या. 'आई आली का?' हा प्रश्न त्या आजींचा. 'येतीये, दूध आणायला गेलीये' हे उत्तर आपलं. आम्ही प्रश्न काढून टाकला. प्रयोगात आमची मैत्रीण रिकाम्या पलंगाशी उभी राहते, थोडी वाकते आणि म्हणते, "येतीये. दूध आणायला गेलीये." प्रश्न कुणीच ऐकलेला नसतो, पण हॉलमध्ये सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते.

म्हणूनच पेशंटची भूमिका कुणीही करायची नाही. थरथरणारे हात, वाकडं तोंड, बोबडं बोलणं, यातलं काही करू नका. बघणाऱ्यांत कुणाचे तरी वडील तसेच असतात. पलंगावर लोड ठेवा, नाहीतर नुसती चादर.

संहिता झाली की तीनदा चाळा. एकदा नावं आणि जागा. एकदा ओळखू येतील अशा वस्तू: घड्याळ, कुत्रं, जिन्यातला नारळाचा वास. आणि एकदा अशा माणसाला वाचायला द्या जो त्या घराला ओळखतो पण तुमच्या गटात नाही. त्याने ओळखलं तर पुन्हा खोडा. ज्या घरात सध्या ड्युटी चालू आहे तिथलं काहीच घेऊ नका, हे माझं स्वतःचं मत. गटात सगळ्यांना पटत नाही. घरच्यांची परवानगी घेऊन एखादा प्रसंग ठेवता येतो, पण पेशंटला स्वतःला कळत असेल तर त्याचीच परवानगी आधी घ्या.

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आणि ब्रदर यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आपल्याला किती लागू होतात ते युनियनच्या जाणत्या माणसाकडून समजून घ्यावं. खाजगी रुग्णालयाच्या नेमणूकपत्रातही गोपनीयतेचं कलम असतं. बारीक अक्षरात असतं, वाचा.

चौथं काम: जुळणी

उतरवलेल्या पानांची झेरॉक्स काढा, आवडलेल्या ओळी कात्रीने कापा आणि जमिनीवर पसरा. मग ओणवं होऊन सरकवत बसा. कॉम्प्युटरवर करणारे करोत, पण सातजणींनी मिळून ठरवायचं तर जमीनच बरी.

कणा म्हणून एक रात्र घ्या. आठला ड्युटी चढली, आठला उतरली. वेगवेगळ्या जणींची वाक्यं वेगवेगळ्या तासांना लावा. बघणाऱ्याला एकच रात्र दिसते, पण ती सात घरांतली असते. गाऱ्हाण्यांची यादी करू नका. चहाला कप वेगळा ठेवतात, हे प्रत्येकीला सांगायचं असतं आणि सांगायलाच हवं, पण एकदाच. आम्ही ते सांगतसुद्धा नाही. सातजणी सात प्रकारचे कप घेऊन येतात. एकीचा कान तुटलेला, एक स्टीलचा, एक कुठल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळालेला मग.

आणि हसू ठेवा, भरपूर. पेशंटबरोबर रोज एकच मालिका बघून सासू-सुनांची बाजू घेऊन भांडणाऱ्या आपणच ना?

पाचवं काम: तालीम, आणि ती न झालेली जखम

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली नोव्हेंबरमध्ये तिथेच हल्ला झाला. त्या पुन्हा उठल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. तोवर जवळजवळ बेचाळीस वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये त्यांच्या दयामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, तेव्हा ही गोष्ट पुढे आली की सदतीस वर्षांत त्यांना एकही बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, झाला नव्हता. न्यायालयाने परिचारिकांचं कौतुक केलं आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

मी ते वाचलं तेव्हा हिशोब केला. दर दोन तासांनी कूस म्हटली तर दिवसाला बारा वेळा. सदतीस वर्षांचे एक लाख बासष्ट हजार होतात. कोणत्या पिढीतल्या कोणत्या सिस्टरने त्यातली किती केली याची नोंद असणार नाही. आणि ह्या सगळ्याचा पुरावा काय? एक पाठ, जिच्यावर काही नाही.

आपल्या नाटकाची अडचण नेमकी हीच. जखम दाखवता येते. न झालेली कशी दाखवणार? आम्ही खूप धडपडलो. एकीने लाल रंग आणला, कुणी म्हणालं प्रोजेक्टरवर फोटो दाखवू. फोटो तर अजिबात नको, तो कुणाच्या तरी पाठीचा असतो. शेवटी सापडलं ते एवढंच: काम पूर्ण करून दाखवायचं, लागेल तेवढा वेळ घेऊन, आणि पुन्हापुन्हा.

म्हणजे असं. पलंगावर लोड, खाली ड्रॉशीट, म्हणजे पेशंटला सरकवायला घालतात ती आडवी चादर. डावीकडे वळवायचं तर आपण डावीकडे उभं राहायचं. पलीकडचा गुडघा दुमडायचा, पलीकडचा हात छातीवर. एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे. "वळूया हं आजी" म्हणायचं, लोडालाही म्हणायचं, कारण न सांगता कुणाला वळवत नाहीत. मग आपले गुडघे वाकवून स्वतःकडे ओढायचं, कंबर मोडून नाही. पाठीमागे उशी, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाच गादीला टेकत नाही ना ते बघायचं. चादरीची सुरकुती हाताने काढायची. माकडहाडापाशी लालसर दिसलं तर बोटाने दाबून सोडायचं. पांढरं होऊन परत लाल झालं तर ठीक, तसंच लाल राहिलं तर काळजी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून गरम किंवा टणक लागतंय का ते बघायचं.

हे सगळं नीट केलं तर चार मिनिटं जातात. प्रयोगात आम्ही ते सहा वेळा करतो, बारा तासांत जितक्या वेळा येतं तितक्या. पहिल्यांदा लोक कुतूहलाने बघतात. दुसऱ्यांदा मान हलवतात. तिसऱ्यांदा चुळबुळ, कुणीतरी मोबाइल काढतं. चौथ्या वेळेला माझी मैत्रीण एका हाताने स्वतःची कंबर धरते. ते आम्ही बसवलेलं नाही, तिची खरोखर दुखते. तिथून पुढे कुणी मोबाइल काढत नाही. नाटकातले जाणकार आम्हाला सांगतात, तीन वेळा पुरे, रटाळ होतं. असू दे. रात्र रटाळच असते.

अभिनयाबद्दल थोडंसंच. आवाज मोठा काढा, बाकी करू नका. पाठ केलेलं विसरलात तर सरळ कागद बघून वाचा, कागद आपल्या नाटकात शोभतो. ज्या ओळी म्हणताना गळा दाटतो त्या दुसरीला द्या. आपलं बोलणं दुसरीच्या तोंडून ऐकताना मोकळं वाटतं आणि बघणाऱ्यालाही कळत नाही कुणाचं कोणतं, म्हणजे दुहेरी झाकण. वर एक अट: कुणीही आपला तुकडा प्रयोगाच्या सकाळपर्यंत परत घेऊ शकते. कारण विचारायचं नाही. आमच्या एकीने असा एक तुकडा काढून घेतला, नाटकातला सगळ्यात चांगला. अजून हळहळ वाटते, पण विचारलं नाही.

सहावं काम: परवानग्या

कंटाळवाणं आहे, पण राहून जातं. महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी द्यावी लागते. वेळ हाताशी ठेवून पाठवा. चौकात पथनाट्य करायचं तर स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज. ध्वनिक्षेपकाची परवानगी त्यातच विचारून घ्या. आणि व्हिडिओ काढायचा नाही, ही पाटी दारातच लावा. प्रयोग पन्नास जण बघतात, व्हिडिओ कुठे जाईल सांगता येत नाही.

सातवं काम: आधी आपल्या माणसांपुढे

पहिला प्रयोग फक्त पेशंट सांभाळणाऱ्यांसाठी करा. मावश्या, वॉर्डबॉय, आशाताई, नर्सिंगच्या मुली. त्यांच्या तोंडावरून लगेच कळतं कुठे खोटं वाटतंय. आम्ही नळीतून भरवताना पेशंट आडवाच ठेवला होता. मागून आवाज आला, "अगं डोकं वर कर, मारशील!" तिथल्या तिथे लोडाखाली दोन उश्या घातल्या.

मग घरच्यांसाठी. १२ मे, परिचारिका दिन, हा बरा मुहूर्त. रुग्णालयं त्या दिवशी कार्यक्रम शोधतच असतात. १ मेला कामगार दिन. ज्येष्ठ नागरिक संघ तर वर्षभर बोलावतात, आणि तिथे सगळ्यात खरे प्रश्न येतात, कारण त्यांना उद्या आपण लागणार असतो.

प्रयोगानंतर बोलायला अर्धा तास ठेवा. ब्राझीलचे ऑगस्टो बोआल बघणाऱ्यांनाच रंगमंचावर बोलवायचे: तुम्ही असता तर काय केलं असतं, करून दाखवा. आम्ही त्यातलं थोडंच घेतलं. ज्याला वाटेल त्याने यावं आणि लोडाची कूस बदलावी. मुलगे येतात, सुना येतात, एकदा एक निवृत्त शाळामास्तर आले. बहुतेक जण लोड आपल्यापासून लांब ढकलतात. आम्ही काही बोलत नाही, फक्त त्यांचे हात धरून खांद्यामागे आणि कमरेमागे नेऊन ठेवतो. मास्तरांनी वळवल्यावर चादरीची सुरकुती काढली, ते आम्ही सांगितलं नव्हतं. घरी करत असावेत.

वाद होतील. "आम्ही पैसे देतो की" हे वाक्य हमखास येतं. उत्तर द्यायची घाई करू नका, आणखी कुणीतरी देतं.

प्रयोग संध्याकाळी पाचचा ठेवा आणि बोलणं धरून सातला आटपा. लोड, चादर, कप गोळा करून पिशवीत भरायला पंधरा मिनिटं. आठची ड्युटी असते, आणि संध्याकाळी बसला गर्दी.